भरिताचा दावा

उधन्यात खानदेशी जेवणाच्या ऑर्डरी घेणाऱ्या उषाबाईंनी साडीचे व्यापारी छगनभाई यांच्या नव्या ऑफिसच्या उद्घाटनाला दोनशे माणसांचं भरीत-पुरीचं जेवण करून दिलं. कार्यक्रम अत्यंत यशस्वी झाल्यामुळे बिल मिळालं नाही.

"बेन, तुमच्या हाताच्या चवीची किंमत मी काय करणार?" छगनभाई भावुक होऊन म्हणाले, आणि त्यांनी ती खरोखरच केली नाही.

वांगीवाला आणि तेलवाला भावुक होणाऱ्यांपैकी नव्हते. उषाबाईंनी एक पाटली गहाण टाकून त्यांचे पैसे चुकते केले. दिवाळी गेली, होळी गेली. छगनभाई फोनवर आधी 'सोमवारी' म्हणायचे, मग तेही म्हणेनासे झाले.

"आते मी कोर्टातच जासू!" उषाबाईंनी नवऱ्याला बजावलं.

"जाय," गंगाराम म्हणाले. "पण वकील फुकट येत नाही."

दुसरी पाटली गेली.

रक्कम लहान, म्हणून दावा लहान दाव्यांच्या कोर्टात दाखल झाला. छगनभाईंच्या वकिलांनी तारखा मात्र पूर्ण मापाच्या घेतल्या. मग लेखी म्हणणं आलं: भरीत खाण्यायोग्य नव्हतं, सबब पैसे देणं लागत नाही. साक्षीला त्यांचे मॅनेजर संदीप उभे राहिले.

"भरीत कसं होतं?" न्यायाधीशांनी विचारलं.

"वाईट, साहेब."

"नक्की?"

"तीनदा घेऊन पाहिलं. तिन्ही वेळा वाईटच."

"चौथ्यांदा नाही घेतलंत?"

"गेलो होतो. संपलं होतं."

निकाल उषाबाईंच्या बाजूने लागला, तोही व्याजासकट. तरी पैसे येईनात, म्हणून जप्तीसाठी त्या बेलिफाला घेऊन दुकानात गेल्या. दुकान पत्नीच्या नावावर निघालं, गाडी मेहुण्याच्या, एसी भाड्याचा. "मी फक्त इथे बसतो," छगनभाई नम्रपणे म्हणाले. बेलिफाने अहवालात नोंदवलं: प्रतिवादी मिळाला, चहा मिळाला, मालमत्ता मिळाली नाही.

छगनभाई दारापर्यंत सोडायला आले. "पैसे तर तुमचेच आहेत, बेन. पण कोर्टात खेचलंत ते मनाला लागलं. मन जरा बरं होऊ द्या."

उषाबाई रिक्षात बसून रडल्या. घरी पोचल्या तर गल्ली हार घेऊन उभी. "शेठला हरवलं! पार्टी पाहिजे!"

एवढ्या मायेला नाही कसं म्हणणार? रविवारी चुलीवर वांगी चढली. सगळी गल्ली जेवली. पंगतीत छगनभाईंचा एकमताने निषेध झाला.

एक गृहस्थ तर फारच संतापले. "गरिबाच्या कष्टाचे पैसे बुडवणाऱ्याला तुरुंगातच टाकलं पाहिजे," असं म्हणत त्यांनी घरच्यांसाठी डबा भरून घेतला. "मागचं आणि हे, सगळं एकदमच देतो हं, वहिनी," म्हणाले, आणि चप्पल घालून निघाले.

त्यांचं नाव मला माहीत आहे. पण इथे लिहीत नाही. वाचताना तुम्हालाच अवघडल्यासारखं होईल.