पास्कूकाकांची सकाळ

आमचे शेजारी पास्कूकाका खिडकीतून आत केळीच्या टेकूची काठी घालून माणसं उठवतात. सांडोरला राहायला आलो तेव्हा बायकोच्या नोकरीची पाळी सकाळची होती. "आम्ही दोघंही झोपाळू," एवढंच ती काकांना बोलली आणि काकांनी आमची पहाट ताब्यात घेतली.

नुसतं "उठलो" म्हणून सुटका नव्हती. "झोपेतपन मानूस हो म्हनतो. आज वार कोनता?" मी एकदा बुधवारी "रविवार" म्हणालो, तर काठी पलंगाच्या पायापर्यंत आली.

तरुणपणी काका बोटीवर खानसामा होते. तिथून त्यांनी 'वेक' हा एक इंग्रजी शब्द आणला आणि तो उभ्या आळीला पुरवला. "झोपलेल्याला उठवायचं, तो वेक. मयताजवळ रात्र जागायची, तो पन वेक. बोटीमागं पान्यावर पांढरी वाट उठते, तो पन वेकच! गोऱ्यांकडं एवढा पैसा, आनि शब्दांची ही टंचाई!"

गावात मयत झालं की रात्रभर बसायला काका पहिले हजर. रोझरीची प्रार्थना अर्ध्यावर येईतो त्यांचं घोरणं सुरू. कुणी कोपर मारलं, तर म्हणायचे, "मयताला काय उठवायचं नसतं. त्याच्याजवळ असायचं."

गेल्या महिन्यात बायकोची पाळी दुपारची झाली. ती म्हणाली, "काका, आता आमच्यासाठी लवकर उठू नका. उगाच त्रास." काका "बरं हाय" म्हणाले आणि काठी घेऊन वाडीत गेले. त्यांच्या मुली सासरी, बायको देवाघरी. ज्यांना त्यांनी उठवावं असं आमच्याखेरीज कुणी उरलं नव्हतं, हे आमच्या ध्यानातच आलं नाही.

मग एका सकाळी ऊन वर आलं तरी काकांच्या वाडीतला पंप सुरू झाला नाही. दारही बंद. मी धावत जाऊन त्यांची खिडकी बडवली. "काका! ओ काका!"

"जागाच हाय कवाचा," आतून आवाज आला. "तीस वरसं दुसऱ्यांना उठवलं. म्हटलं, बघू, आपल्याला कोन हाक मारतो काय."

मला हसू आलं. त्यांनी दार उघडलं, चहा टाकला, माझ्या बायकोलाही बोलावून आणायला लावलं.

आता रोज मीच त्यांना उठवायला जातो. काकांची दाढी झालेली असते, केसांना तेल लागलेलं असतं. माझी चाहूल लागली की ते चादर डोक्यावरून ओढून घेतात आणि पडून राहतात.