नदीपलीकडचं वारूळ आणि दाजिबाचं मत

एका जंगलात, मुलांनो, घरोघरी पडदा होता. गुहेत पडदा, बिळात पडदा, ढोलीत पडदा. पडदा कशाचा होता, त्यावर चित्र कसं हलायचं, असले प्रश्न विचारू नका. तुमच्या घरातलं चित्र कसं हलतं ते तरी तुम्हाला कुठं माहीत आहे?

सिनेमे सालीच्या गुंडाळ्यांवर यायचे. पहिल्या भागाची एक गुंडाळी, दुसऱ्या भागाची दुसरी. त्यांच्या नकला काढून घरोघरी टाकायचं काम हिरोजी वानराकडे होतं. नकला काढण्यात वानरांचा हात कोण धरणार? हिरोजी सकाळी दारात गुंडाळ्या फेकायचा आणि पुढच्या झाडावर उडी मारायचा.

उन्हाळ्याच्या दुपारी बाहेर पाऊल टाकायची सोय नसे. मग सगळं जंगल घरी बसून सिनेमा पाहायचं. निदान पडदा तरी चालू असायचा.

ऊन कललं की सगळे पाणवठ्यावर जमायचे. पाणवठ्याच्या एका अंगाला मोठी जांभूळ होती. तिच्याखाली गार सावली आणि तळचे गोटे दिसावेत असं स्वच्छ पाणी. दुसऱ्या अंगाला गव्यांनी लोळून लोळून चिखल केलेला. तिकडं सावलीचं नाव नाही.

पूर्वी जांभळीखाली हाजिर तो वजीर असा कारभार होता. पण अप्पा कोल्ह्याला तो रानटीपणा वाटला. आता रानात रानटीपणा नाही करायचा तर कुठं करायचा? पण अप्पापुढं कोण बोलणार. त्यानं नवी रीत घातली. दुपारच्या सिनेमाबद्दल ज्याला काही मत असेल, त्यानं जांभळीखाली बसावं. ज्याला मत नसेल, त्यानं गव्यांच्यात जावं.

गवे सिनेमा पाहत नसत. ते गवत खात. त्यांचं बरं चाललं होतं.

आपल्या गोष्टीतला दाजिबा अस्वल मात्र फार अडचणीत आला. एक तर त्याच्या अंगावर हे एवढे काळेभोर केस. वैशाखात त्याला घोंगडी पांघरून चुलीपुढं बसवल्यासारखं व्हायचं. नवी रीत आली त्या पहिल्याच आठवड्यात तो चिखलाच्या बाजूला घेरी येऊन पडला. गव्यांनी शिंगांनी ढकलत पाण्यात लोटला म्हणून वाचला. तेव्हापासून जांभळीची सावली म्हणजे दाजिबाचा जीव होता.

आणि दुसरी अडचण म्हणजे दाजिबाला सिनेमा लागला की झोप लागायची. पडद्यावर पहिलं नाव उमटायच्या आत त्याची हनुवटी छातीवर. चांगला सिनेमा असो, वाईट असो, झोप सारखीच गाढ.

पण गरज माणसाला शिकवते, तशी अस्वलालाही शिकवते. त्यानं बाकीच्यांची मतं कान देऊन ऐकली आणि एक वाक्य तयार केलं. "पहिला भाग जमलाय. दुसऱ्यात जरा ताणलंय."

मुलांनो, काय वाक्य होतं ते. 'शिंगांची शपथ' आला, त्याला लागू पडलं. 'बिळातला पाहुणा' आला, त्यालाही लागू पडलं. 'कासवाचा पाठलाग' आला, तेव्हा तर मोरानं दाजिबाची पाठ थोपटली. हळूहळू जाणकार म्हणून त्याचं नाव झालं.

बाकीच्यांचीही आपापली ठेवणीतली मतं होती. मोराला प्रत्येक सिनेमाचं छायाचित्रण आवडायचं. साळिंदराला प्रत्येक सिनेमाचा शेवट आधीच कळलेला असायचा. घोरपडकाकू म्हणायच्या, "घरच्यांबरोबर बघण्यासारखा नाही हो," आणि त्या नेमका कशाबद्दल बोलतायत हे कुणी विचारलं, तर लाजून जिभेचं टोक दाखवायच्या. अप्पा सगळ्यांत शेवटी बोलायचा. मूळ पुस्तक जास्त चांगलं होतं, असं तो म्हणायचा. त्या जंगलात पुस्तक नव्हतं.

एके दिवशी दाजिबाच्या दारात अनसूयाबाई आल्या. अनसूयाबाई म्हणजे खवले मांजर. दोघं शेजारी होते आणि एकाच वारुळावर दोघांचं जेवण चालायचं. बाई फार भित्र्या. कुणी शेजारी शिंकलं तरी अंगाचं वेटोळं करून बसायच्या. पाणवठ्यावर त्या कधी यायच्या नाहीत. पानावरचं दव चाटून भागवायच्या.

"दाजिबाभाऊ," त्या म्हणाल्या, "उद्या माझा सिनेमा येतोय."

"तुमचा?"

"हो. 'नदीपलीकडचं वारूळ'. गेली कितीतरी वर्षं एकटीच करत होते. कुणाला सांगितलं नाही."

"अरे वा," दाजिबा म्हणाला. त्याला आत्ताच जांभई येत होती.

"बाकीचे म्हणायचं ते म्हणतील. तुम्ही तेवढं खरं सांगा. पहिला भाग मी शिकत शिकत केलाय, तो कसा का असेना. पण दुसऱ्या भागात माझा जीव आहे. तो फसला असेल, तर मी गुंडाळी मातीत पुरीन आणि पुन्हा या वाटेला जाणार नाही."

"अहो, मी काय सांगणार."

"तुम्हीच सांगणार. तुमचं मत दुसऱ्या भागाबद्दल कधी चुकत नाही."

दाजिबाची जांभई तिथंच विरली. तो रात्रभर कुशी बदलत राहिला. आजवर त्यानं किती जणांचा दुसरा भाग झोपेत ताणून ठेवला होता, ते त्याला आठवायला लागलं. अस्वलाला लाज वाटली की त्याच्या कानांची टोकं गरम होतात. ती झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी दाजिबानं पडदा लावला आणि मुंगळ्यांच्या बिळावर बैठक मारली. ज्या मुंगळ्यांना तो आजवर खात आला होता, त्यांनी त्या दुपारी सूड उगवला. झोप येण्याची काही सोयच उरली नाही. दाजिबा आयुष्यात पहिल्यांदा सिनेमा पाहत होता.

सिनेमात एक म्हातारी खवले मांजर होती. नदीपलीकडे कधीच रिकामं न होणारं वारूळ आहे, असं तिच्या कानावर आलेलं. ती निघते. पण ती भित्री. पान वाजलं की वेटोळं. ढग गडगडला की वेटोळं. प्रत्येक वेळी पडद्यावर नुसतं ते वेटोळं दिसायचं. ती आता उलगडते की नाही, कळायचं नाही. दाजिबा श्वास रोखून बसायचा. मग एक पाय हळूच बाहेर यायचा. मुंगळे चावतायत हेसुद्धा तो विसरून गेला.

अशी ती नदीवर पोचली. तिनं पाण्यात एक पाय टाकला. आणि पडदा काळा झाला.

दाजिबानं दुसरी गुंडाळी शोधली. दारात नव्हती. दाराबाहेरच्या झुडपात नव्हती. मग तो भर उन्हात हिरोजीच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"दुसरी गुंडाळी?" हिरोजी वरून म्हणाला. "तिच्या नकला काढायच्या राहिल्यात. उकाडा बघताय ना. सकाळी पहिलीच टाकली सगळ्यांकडे."

"सगळ्यांकडे?"

"सगळ्यांकडे. दुसरी कुठंय म्हणून विचारायला आलात ते तुम्हीच."

ऊन कललं. जांभळीखाली मंडळी जमली. अनसूयाबाईही आल्या होत्या, पहिल्यांदाच. जांभळीच्या मुळांआड वेटोळं करून, एक डोळा तेवढा बाहेर ठेवून त्या बसल्या होत्या. दुसरा भाग कुणाकडे पोचलाच नाही, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"तर, 'नदीपलीकडचं वारूळ'," अप्पा म्हणाला. "बोला."

"छायाचित्रण अप्रतिम," मोर म्हणाला. "विशेषतः नदीपलीकडचा सूर्यास्त."

"पण दुसऱ्या भागात ती नको तिथं नको ते करते," घोरपडकाकू म्हणाल्या. "मी लेकरांना उठवून आत पाठवलं."

"शेवटी ती मरणार, हे मला मध्यंतरालाच कळलं होतं," साळिंदर म्हणालं.

अप्पानं घसा साफ केला. "पहिला भाग ठीक आहे. दुसऱ्या भागानं घात केला. बाईंच्यात कुवत आहे, पण पलीकडे गेल्यावर त्यांची पकड सुटली. पुस्तकात तसं नव्हतं."

एकेका वाक्यासरशी मुळांआडचं वेटोळं घट्ट होत गेलं. मग ते हळूच सुटलं. अनसूयाबाई उठल्या आणि कुणाकडे न पाहता घराच्या वाटेला लागल्या. त्या कुठं निघाल्या आणि तिथं जाऊन काय पुरणार, ते फक्त दाजिबाला माहीत होतं.

"दाजिबा, तुमचं राहिलं," अप्पा म्हणाला.

दाजिबानं गार पाण्याकडे पाहिलं. पलीकडच्या चिखलाकडे पाहिलं. उन्हात तो कसा वाफाळत होता. एक ठेवणीतलं वाक्य टाकलं की काम झालं असतं. पण ती म्हातारी आणि तिचा पाण्यातला पाय त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

"अनसूयाबाई, थांबा," तो म्हणाला. "दुसरा भाग आलेलाच नाही. तो हिरोजीच्या ढोलीत पडलाय. इथं तो कुणीही पाहिलेला नाही. आणि मी तर आजवर कुठलाच सिनेमा पाहिला नव्हता. मी झोपतो."

अनसूयाबाई वाटेतच थांबल्या. मोर आपली पिसं निरखायला लागला. साळिंदर काटे मोजायला लागलं. घोरपडकाकूंनी जीभ आत घेतली ती घेतलीच.

अप्पा सावकाश पाण्याशी गेला. एक घोट घेतला. मिशा पुसल्या. कोल्हा तो कोल्हाच.

"बरोबर," तो म्हणाला. "दुसरा भाग नाहीच आहे. आम्ही मघापासून दुसरं काय म्हणतोय?"

"तेच," मोर म्हणाला.

"नाव द्यायचं नदीपलीकडचं वारूळ आणि नदीपलीकडे जायचंच नाही. केवढं धाडस. पलीकडे न जाता बाईंनी पलीकडचं दाखवलं. त्यानंच तर घात केला आमचा. मी अजून सावरलेलो नाही."

"मी म्हणालो तो सूर्यास्त हाच," मोर म्हणाला. "न दाखवलेला."

"न दाखवता दाखवलंय," घोरपडकाकू म्हणाल्या, "म्हणून तर लेकरांना उठवलं."

"ती मरते का ते सांगणार नाहीत, हे मला आधीच कळलं होतं," साळिंदर म्हणालं.

"राहता राहिले दाजिबा," अप्पा म्हणाला. "न दाखवलेलं यांना दिसत नाही. वर झोपतो म्हणून स्वतःच सांगतात. म्हणजे मत नाही. रीत ती रीत."

दाजिबा उठला आणि चिखलात जाऊन बसला. थोरल्या गव्यानं काही न विचारता बूड जरा सरकवलं आणि आपल्या अंगाची जेवढी पडत होती तेवढी सावली त्याला दिली.

जांभळीखालची त्याची जागा अनसूयाबाईंना मिळाली. मोरानं पिसाऱ्यानं वारा घातला. साळिंदरानं काटे मिटून वाट करून दिली. बाई आधी वेटोळं करून बसल्या. मग चार लोकांत पहिल्यांदाच पाय सोडून बसल्या. चिखलातून ते पाहताना दाजिबाला इतकं बरं वाटलं, की उकाडाही त्याला जरा कमी वाटला.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी वारुळापाशी दोघांची गाठ पडली. बाईंच्या हातात गुंडाळी होती.

"आणलीत ना ढोलीतून?" दाजिबा म्हणाला. "छान. मी हिरोजीच्या मागंच लागतो आता. दोन दिवसांत घरोघरी पोचली पाहिजे."

"तेच सांगायला आलेय, भाऊ. नका पोचवू."

"अहो, यात तुमचा जीव आहे ना?"

"आहे." बाई जमिनीकडे पाहत राहिल्या. "पण हा भाग बाहेर आला, तर मी पलीकडे गेले असं होईल. अप्पा म्हणतात, न जाण्यातच सगळं आहे. दाजिबाभाऊ, मी आले की लोक सरकून जागा देतात. जन्मात मला कुणी जागा दिली नव्हती. मला ती सोडवत नाही."

दाजिबाला रागवायचं होतं. पण सावली सुटत नाही म्हणजे काय होतं, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

"पुरायची म्हणून आले," बाई म्हणाल्या. "जन्मभर माती खणत आलेय, पण ह्याचा खड्डा माझ्यानं खणवत नाही. तो तुम्ही खणा. त्याआधी एकदा बघा हवा तर. कुणीतरी बघितलेला असावा. पण कसा वाटला ते कुणाला सांगू नका. मलाही नको."

दाजिबानं शब्द दिला. दुपारी पडदा लावला. या खेपेला मुंगळ्यांची गरज पडली नाही.

नदीत पाय टाकल्यावर त्या म्हातारीचं काय होतं, ते मी तुम्हाला सांगणार नाही. दाजिबानं मलाही सांगितलेलं नाही. एवढंच ठाऊक आहे, की सिनेमा संपला तेव्हा त्याचं नाक भिजलेलं होतं. मग त्यानं वारुळामागं खोल खड्डा केला, गुंडाळी ठेवली, वर माती लोटली आणि पाणवठ्यावर गेला. जांभळीखाली कुठल्यातरी नव्या सिनेमाबद्दल अनसूयाबाई बोलत होत्या, आणि सगळे मान डोलवत होते.

थोरला गवा रवंथ करत होता. त्यानं दाजिबाकडे पाहिलं.

"रडलास काय रे?"

"सिनेमा पाहिला."

"बरं. कसा होता?"

दाजिबानं तोंड उघडलं. त्याच्या छातीत सांगण्यासारखं इतकं दाटलं होतं, की ते कुठून काढावं कळेना. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी एक अख्खं, खरंखुरं, स्वतःचं मत होतं. त्यानं गव्याकडे पाहिलं. मग जांभळीकडे पाहिलं. मग तोंड मिटलं.

"ठीक होता," तो म्हणाला.

"असेल," गवा म्हणाला आणि पुन्हा रवंथ करायला लागला.

तात्पर्य: मुलांनो, सिनेमा पाहण्यात धोका फार. जो पाहत नाही त्याला सावली मिळते. जो अर्धा करतो त्याला मान मिळतो. जो शेवटपर्यंत पाहतो, त्याच्या हाती नुसता सिनेमा लागतो, आणि तो घेऊन कुठं बसायचं हे त्याला कळत नाही. तेव्हा मत आधी तयार ठेवावं, आणि दुपारी निवांत झोपावं.