चांदमल शेठचा काउसग्ग

चांदमल शेठनी स्पंजची चटई विकत घ्यायची नाही असं ठरवलं, आणि सगळं तिथूनच बिघडलं.

चटई डॉक्टरांनी सांगितली होती. गेल्या वर्षी शेठना कानाचं दुखणं झालं. दुखणं गेलं, चक्कर मात्र जुन्या भाडेकरूसारखी मुक्काम ठोकून राहिली. नंदुरबारचा सपाट बाजाररस्ता त्यांना तोरणमाळच्या घाटासारखा वाटे. डॉक्टर म्हणाले, कान आता ठीक आहे, मेंदूलाच पडायची धास्ती बसली आहे. उपाय दोन. कपाळावर ओले स्पंज बांधून मेंदूला अगदी हलका करंट घ्यायचा, आणि मऊ चटईवर पाय जोडून, डोळे मिटून उभं राहायचा सराव करायचा.

"आपल्या कापडाच्या दुकानात एवढी मोठी गादी अंथरलेली असताना चटई कशाला?" शेठ म्हणाले.

"गादीवर गिऱ्हाईक बसतं," त्यांची बायको रूपकंवर म्हणाली. "तुम्ही तिच्यावर उभे राहणार?"

"सकाळी गिऱ्हाईक नसतं."

(ही गोष्ट त्यांनी इतक्या अभिमानाने यापूर्वी कधी सांगितली नव्हती.)

बायकोकडून त्यांनी एक वचन मात्र घेतलं. त्यांच्या मुलीची, आयुषीची, सोयरीक शहाद्याच्या ताराचंदजींकडे, त्यांच्या मुलाशी, तरुणशी, जमत आली होती. मुलीचा बाप डोक्याला करंट घेतो हे तिकडे कळलं, तर जमलेलं मोडेल. साखरपुडा होईपर्यंत कुणापाशी एक शब्द बोलायचा नाही.

झालं. करंट घेऊन शेठ दुकानात आले. कपाळावर स्पंजचे लालसर ठसे, अंगात पांढरा झब्बा. गादीवर चढले, हात सोडले, डोळे मिटले.

तेवढ्यात जवळच्या कोरीट गावची फुलवंताबाई लुगडं घ्यायला आली.

"शेठ, उभ्याउभ्याच झोपी गयात का?"

शेठ गप्प. तोंड उघडलं तर तोल जायची भीती. फुलवंताबाई समोरच्या किराणावाल्या घेवरचंदजींकडे गेली. "तुमना शेठले काय व्हयनं ते दखा. हालत नही, बोलत नही."

घेवरचंदजी आले. पाहिलं, आणि चप्पल काढून उंबऱ्यापाशी उभे राहिले.

"बाई, हळू बोला. काउसग्ग चालू आहे."

काउसग्ग म्हणजे देहाचं भान सोडून, निश्चल उभं राहून करायचं जैनांचं ध्यान. (शेठना देहाचं इतकं भान आयुष्यात कधी नव्हतं. डाव्या पायाचा अंगठा कुठे आहे हेसुद्धा त्यांना नीट कळत होतं.)

"कपाळावर तेज बघा," घेवरचंदजी म्हणाले.

आता खरं सांगायचं तर करंट सांगावा लागणार. शेठ गंभीरपणे हसले. ते हसू घेवरचंदजींनी बाजारभर नेलं, आणि आठवडा उलटायच्या आत चांदमल शेठ दीक्षा घेणार हे सगळ्यांनी ठरवून टाकलं.

संसार सोडणाऱ्याला आधी घरोघरी जेवायला बोलावतात. बोलावणी सुरू झाली. नाही म्हणावं तर कारण सांगावं लागे, म्हणून शेठ गेले. एकीकडे दालबाटी, एकीकडे घेवर, एकीकडे दोन्ही. वैराग्याने त्यांची विजार घट्ट होऊ लागली.

मनाला त्यांनी एक दिलासा दिला होता. घरच्यांच्या परवानगीशिवाय दीक्षा होत नाही, आणि रूपकंवर ती या जन्मात देणार नाही. गोष्ट तिथे अडेल आणि आपोआप विरेल.

विरायच्या आधी ताराचंदजीच शहाद्याहून सहकुटुंब आले. त्या वेळी शेठ गादीवर उभे होते. डोळे मिटलेले, नेहमीसारखेच. ताराचंदजी भक्तिभावाने वाकले आणि त्यांनी शेठच्या पावलांना हात लावला.

गादी फिरली, छत फिरलं, साड्यांचं कपाट फिरलं, आणि चांदमल शेठ होणाऱ्या व्याह्यांच्या पाठीवर आडवे झाले.

"ध्यान नाही हो," ते पडल्या जागेवरूनच म्हणाले. "व्यायाम आहे. मला चक्कर येते. डोक्याला करंट घेतो."

शेठना दिसत होती ती फक्त दाराशी उभी असलेली आयुषी. तिचा चेहरा उतरला होता.

"म्हणजे दीक्षा नाही?" ताराचंदजींनी खालून विचारलं.

"नाही."

"मग आधी उठा. माझी कंबर धरली." दोघांना उचलून बसवल्यावर ताराचंदजींनी टोपी झटकली. "सुटलो बुवा. व्याही साधू झाला असता तर लग्नात मी रुसायचं कोणावर? चक्करचं काय, ती जाईल. साखरपुडा याच महिन्यात करू."

आयुषी हसली. शेठना वाटलं, आपला अर्धा आजार तिथेच बरा झाला.

पाहुणे गेल्यावर त्यांनी राहिलेला सराव सुरू केला. या वेळी रूपकंवर मागे उभी राहिली, त्यांना न शिवता, दोन्ही हात पुढे धरून.

"बरं झालं उलगडा झाला," शेठ डोळे मिटून म्हणाले. "नाहीतर घेवरचंदजी तुझ्याकडे परवानगी मागायला आले असते. तुला केवढं रडू आलं असतं."

"परवाच आले होते."

"मग?"

"दिली."

शेठ डुलले. मागच्या हातांनी त्यांना अलगद सरळ केलं.

"दिलीस?"

"नाही म्हटलं असतं तर कारण विचारलं असतं. तुम्हाला वचन दिलं होतं ना?"

हे शेठना पटलं. तरीही त्यांनी जरा आशेने विचारलं, "पण द्यायच्या आधी थोडी थांबली असशील?"

"थांबणार होते," रूपकंवर म्हणाली. "पण गॅसवर दूध होतं."