हातावर सुपारी

चतुराआत्याने हिरवं इरकल दोरीवर वाळत टाकलं आणि ऋतुजाने बरोबर आलेल्या सत्यमकडे पाहिलं.

डांबरगोळ्यांचा वास साऱ्या अंगणात पसरला होता. आत्या इरकलाच्या घड्या तळहाताने मोडत होती आणि मध्येच घसा खाकरत होती. तुळशीपाशी जातं मांडलेलं होतं. धुतलेलं, पुसलेलं, कडेने गेरूची रेघ ओढलेलं. ते जातंसुद्धा बोहल्यावर चढायला निघाल्यासारखं दिसत होतं.

"सांगितलंस का?" सत्यमने हळूच विचारलं.

"तूच सांग ना."

"मी कामून? मी किनवटचा, परका माणूस. आत्या तुझी आहे."

सांगायचं एवढंच होतं, की आत्या, तुझं गाणं व्हिडिओत नाही.

दोघं नांदेडच्या एका कॉलेजात शिकत होते. वर्षाच्या शेवटी जोडीजोडीने एक गाण्याचा व्हिडिओ करायचा होता, आणि ऋतुजाच्या मनात आत्याच्या ओवीशिवाय दुसरं गाणंच नव्हतं. लहानपणी सुट्टीला निलंग्याच्या पुढं, कर्नाटकाच्या शिवेवरच्या या गावात ती यायची. पहाटे आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, जातं घरघरायचं आणि त्या घरघरीतून पिठासारखं भुरभुर सांडायचं तिचंच कौतुक:

नांदेडाच्या वाटंवरी, कुणाचं गं झपझप पाऊल
भाची माझी शिकाया जाते, उजेडाला तिची चाहूल

"तुझी ओवी कॅमेऱ्यात घेणार," असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा आत्या म्हणाली होती, "माझा फाटका आवाज कोण ऐकतंय बाई!" आणि त्याच दिवशी जातं धुवायला घेतलं होतं. शूटिंग रविवारी, तिच्याच अंगणात ठरलं.

आडवे आले ते व्हिडिओचा विषय शिकवणारे शरदचंद्र सर. सरांचं म्हणणं ठाम होतं. "स्वतःला आवडलं म्हणून व्हिडिओ करणारा आणि स्वतःच्याच वरातीत पुढं नाचणारा, दोघं सारखेच! आधी प्रेक्षकाला विचारा. घरात माणसं किती, काय आवडतं, किती वेळ बसतात. आणि विचारून झालं की त्याच्या हातावर आभाराचं काहीतरी ठेवा. वेळ दिलाय त्याने."

सत्यम म्हणाला, पेन वाटू. ऋतुजाला ते कोरडं वाटलं. गावातल्या बायांना गावासारखंच काही द्यावं, म्हणून तिने निलंग्याच्या स्टँडसमोरच्या दुकानातून हळदीकुंकवाच्या पुड्या आणि सुपाऱ्या घेतल्या. लाल कागदात एकेक पुडी, एकेक सुपारी, वर दोरा. "किती गोड दिसतंय!" ती म्हणाली होती. आत्याला दाखवायचं राहून गेलं, कारण त्या दिवशी आत्या तुरीच्या रानात होती.

मग दोघं दारोदार फिरले. ऋतुजा विचारी आणि सत्यम मोबाईलवर टिपून घेई.

"घरात माणसं किती, वहिनी?" शेजारच्या दीपमालावहिनींना तिने विचारलं.

"लहानमोठी धरून आठ-नऊ. जाऊबाई लातूरला हाईत, त्यायलाबी बोलवू का?"

"बोलवा की! जितकी जास्त तितकं चांगलं."

ओट्यावर दगडोबाआबा चष्मा पुसत बसले होते. गावात कुणाचंही काही असलं की पहिला शब्द आबांचा.

"आबा, गाणी कोणती पाहिजेत? जात्यावरची, की नवी?"

"जात्यावरची कामून? लेकरं नाचणार कशावर? डीजे लावा, डीजे."

"आणि किती वेळाचं असावं?"

"आटपतं घ्या. माणसं उन्हात ताटकळतेत."

"बघायला काय आवडेल?"

"मंडप झ्याक पायजे. अन् पोरगा दिसायला बरा पायजे." आबांनी चष्मा चढवला आणि सत्यमला टोपीच्या जागेपासून चपलेपर्यंत न्याहाळलं. "हा चालंल."

सत्यम कानापर्यंत लाल झाला, तरी त्याने इमानाने टिपून घेतलं: हिरो पसंत.

प्रत्येक दारात शेवटी ऋतुजा दोन्ही हातांनी ती लाल पुडी देई आणि म्हणे, "रविवारी दुपारी आत्याच्या अंगणात आहे. नक्की या." पुडी हातात पडली की बायांचे डोळे भरून येत. दीपमालावहिनींनी तर तिच्यावरून कडाकडा बोटं मोडली. आपलं काम लोकांच्या काळजाला इतकं भिडतंय, हे पाहून ऋतुजालाही भरून आलं.

निष्कर्ष मात्र स्वच्छ निघाला. डीजे हवा, आटपतं हवं, मंडप हवा. जातं कुणालाच नको. शनिवारी दोघांनी नवा आराखडा केला. त्यात आत्या कुठंच नव्हती.

आणि आता रविवारचं ऊन इरकलावर चढत होतं.

"आत्या," ऋतुजाने अखेर धीर केला, "तुला एक सांगायचं होतं—"

"मलाबी सांगायचं व्हतं बाई," आत्या म्हणाली.

तेवढ्यात फाटक वाजलं. दीपमालावहिनी नवी साडी नेसून, हातात ताट घेऊन आल्या. मागे त्यांची आठ-नऊ माणसं, आणि त्यांच्या मागे लातूरच्या जाऊबाई, सगळा गोतावळा घेऊन. मग समोरच्या घरातली आली, वेशीपाशी राहणारी आली. कुणी सतरंजी आणली, कुणी मंडपाचं कापड आणून दोन खांबांना बांधलंसुद्धा. कडक धोतर नेसलेले दगडोबाआबा एका टेम्पोपुढं उलटे चालत, हाताने वाट दाखवत आले. टेम्पोत डीजेचे खोके होते.

"नातवाचाच हाय," आबा म्हणाले. "घरचं कार्य."

सत्यमला कुणी तरी खुर्चीवर बसवलं, टोपी घातली, टॉवेल पांघरला, कपाळाला टिळा लावला. तो हरखून गेला. "ऋतुजा, प्रेक्षकांचा सहभाग बघ! सर वेडे होतील."

आत्या इरकल नेसून बाहेर आली आणि उंबऱ्यातच थबकली. "आज फोटूचं व्हतं ना? ही समदी कामून आली?"

"घ्या! भाचीची सुपारी, अन् आम्हालाच इचारता व्हय अक्का?" दीपमालावहिनींनी कमरेच्या पिशवीतून लाल पुडी काढून दाखवली.

ऋतुजाने पुडीकडे पाहिलं. मग टोपीतल्या सत्यमकडे पाहिलं. मग तिला सगळं एकदम उमगलं आणि तिने जात्याचा खुंटा धरून ठेवला. लग्न जमलं की या भागात चारचौघांत सुपारी फोडतात. दारात येऊन कुंकवासकट सुपारी हातावर ठेवली, माणसं किती ते मोजून घेतलं, गाणीबजावणी विचारली आणि रविवारी या म्हटलं, तर दुसरं काय समजायचं माणसाने?

"नवरीनं सोताच सुपाऱ्या वाटल्या, तेवढं नवल वाटलं," वहिनी म्हणाल्या. "पण म्हणलं, शिकलेली हाय. आता असंच असंल."

"वहिनी, ऐका ना, ते तसं नाही—"

पण कार्याच्या घरी नवरीचं कोण ऐकतं? "चतुरा, बस जात्याला!" बाया म्हणाल्या. "हळद दळायची, तुझ्याबिगर कोण म्हणणार?" कुणी तरी हळकुंडांची ओंजळ जात्याच्या तोंडात टाकली. आत्याने एकदा भाचीकडे पाहिलं. ऋतुजाच्या ओठांवर 'नाही' आलेलं होतं. पण आत्याचा हात तोवर आपोआप खुंट्यावर गेला होता, आणि जातं फिरलं.

आत्या गायला लागली. घसा न खाकरता. कुणाकडे न पाहता. जशी ती गावातल्या प्रत्येक लेकीच्या हळदीला गात आली होती तशी. बाया दुसरी ओळ उचलू लागल्या. डीजेच्या पोराने वायर जोडता जोडता हात थांबवला. सत्यम टोपी-टॉवेलासकट खुर्चीवरून उठला, मांजराच्या पावलाने कॅमेऱ्यापाशी गेला आणि तो सुरू केला.

पिवळी गं हळद बाई, जात्यातून ऊन गळं
लेक निघाली सासरी, अंगण मागं मागं पळं

जातं थांबलं तेव्हा दगडोबाआबा चष्मा धोतराच्या सोग्याने पुसत होते, आणि तो काही केल्या पुसून होत नव्हता.

आता खरं सांगितलं नाही तर पाप लागेल, असं वाटून ऋतुजा उभी राहिली. हात जोडून तिने सगळं सांगितलं. लग्न नाही. ती सुपारी आभाराची होती. प्रश्न गाण्याच्या व्हिडिओचे होते.

दीपमालावहिनींनी हातातलं ताट खाली ठेवलं.

"म्हणजे त्या दिशी तू गाणं बघायचं इचारून राहिलीस?" आबांनी विचारलं.

"हो आबा."

"अन् मी डीजे सांगितला?"

"हो."

"अगं लेकरा, डीजे लग्नाला असतो! बसून ऐकायचं म्हणलं असतंस, तर..." आबांनी जात्याकडे बोट केलं. मग एकदम नातवावर ओरडले, "खोके घे रे टेम्पोत! बघत काय बसला?"

आत्या अजून जात्यापाशीच होती. बोटं हळदीने पिवळी झालेली. "म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "माझं गाणं काढलं व्हतंस तू?"

ऋतुजा तिच्याशेजारी खाली बसली. "हो आत्या. सकाळपासून तेच सांगायचं होतं. जीभ उचलेना."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि ती हसायला लागली. इतकी हसली, की इरकलाच्या पदराने तिला डोळे टिपावे लागले. "अन् मी सकाळपासून सांगणार व्हते, की मला न्हाई जमायचं म्हणून! त्या काचेच्या डोळ्यापुढं तोंड उघडायचं म्हणलं की पयली ओळच आठवंना. आरशापुढं उभी राहून बघितलं, तिथंबी न्हाई. तू कष्टी होशील म्हणून इरकल वाळू घातलं, म्हणलं बघू काय व्हतंय ते."

"मग आज कसं जमलं?"

"आज कुठं गायले? आज हळद दळली."

आलेलं माणूस उपाशी जाऊ द्यायचं नाही, म्हणून बायांनी घरोघरचे चुरमुरे गोळा करून, भिजवून, फोडणी देऊन पातेलंभर सुशीला केला. लग्न समजून आणलेला आहेर मात्र कुणी परत नेला नाही. "दिलेलं माघारी घेत न्हाईत," दीपमालावहिनी म्हणाल्या. "धरा. कवा ना कवा लागंल." सत्यमने टोपी काढून द्यायचा प्रयत्न केला, तर आबांनी ती पुन्हा त्याच्या डोक्यावर दाबून बसवली.

नांदेडला शरदचंद्र सरांनी व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला.

"हे तुमच्या निष्कर्षाच्या अगदी उलट आहे," ते म्हणाले.

"सर, ते निष्कर्ष लग्नाचे होते," ऋतुजा म्हणाली.

सरांनी मान डोलावली, जणू अशा अडचणी त्यांच्या विषयात नेहमीच येतात. मग विचारलं, "पुन्हा लावता का? पहिल्यापासून?"

संध्याकाळी आत्याचा फोन आला. ऋतुजा आणि सत्यम कॉलेजच्या पायऱ्यांवर बसले होते.

"बघितलास व्हिडिओ, आत्या?"

"न्हाई बाई. दीपमालाच्या मोबाईलवर समद्या बघून राहिल्या व्हत्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले."

"मग?"

"दीपमालानं पयल्या ओवीलाच पदर लावला डोळ्याला. दुसरीला समद्या म्हणू लागल्या. दगडोबाआबा सोताचं तोंड कवा येतंय ते बघत व्हते. आलं, तसं उठून गेले. मंग परत येऊन बसले."

ऋतुजाला वाटलं, प्रेक्षकाला विचारा म्हणून सर सांगत होते ते हेच की.

"अन् अजून एक," आत्या म्हणाली. "तुझ्या सुपाऱ्या कुणीच खाल्ल्या न्हाईत. समद्यांनी देवापाशी ठेवल्यात. म्हणतेत, असू द्या."

फोन स्पीकरवर होता, हे ऋतुजाच्या तेव्हा लक्षात आलं. तिने झटकन बटण शोधलं, पण त्याआधी सत्यम फोनकडे वाकला. कान पुन्हा तसेच लाल झाले होते.

"आत्या," तो म्हणाला, "सुपारी टिकते किती दिवस?"

पलीकडून जातं फिरायला लागल्यासारखं हसू तेवढं ऐकू आलं, सावकाश, घरघरत.