बँक फार लवकर काम करते, अशी तक्रार

बँक लवकर काम करते म्हणून लेखी तक्रार देणारा माणूस मी तरी एकच पाहिला. नाचणगावचे नामदेवराव. आता सांगा, अशा अर्जावर शेरा काय मारायचा?

उभा जन्म कापसाच्या जिनिंगमधल्या वजनकाट्यावर गेलेला, त्यामुळे घाईचा त्यांना भारी राग. कुणी भरभर बोललं की हात वर करून म्हणणार, "काटा ठरू द्या न भाऊ!" चहासुद्धा थंड झाल्याशिवाय पीत नाहीत, आणि मग थंड झाला म्हणून कुरकुरतात.

आमच्या बँकेने पैसे पाठवायच्या नव्या यंत्रणेवर पाण्यासारखा पैसा ओतला. पुण्यातल्या पोराने बटण दाबलं की इथे बापाच्या खात्यात जमा. वरचं ऑफिस खूश, आमचे साहेब खूश. नामदेवराव मात्र दर महिन्याला माझ्या काउंटरवर हजर.

"पोरी, हे पैसे हळू आणता येत नाई का? पहिले चेक वटायले आठ रोज लागे. तशी एखांदी सोय ठेवा न."

"अहो, आठ दिवस लावले तर लोक आमच्या नावाने शिमगा करतील!"

"लोकायचं सोड. माह्यं सांग."

माझं तर डोकंच चालेना. काम जलद झालं की तक्रारी कमी होतात, असं ट्रेनिंगमध्ये घोकून घेतलं होतं आमच्याकडून. इथे सगळं उलटंच! त्यात या वेळी त्यांनी लेखीच दिलं, आणि साहेबांनी बजावलं, ही तक्रार आजच्या आज मिटवा. मी वैतागून विचारलं, "काका, पैसे लवकर आले तर तुमचं बिघडतं काय?"

त्यांनी टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"पहिले पोराचा फोन येत जाय. बाबा, पैसे भेटले का? नाई म्हटलं का दोन दिवसानं पुन्हा फोन. आता त्याचा मोबाइलच त्याले सांगते, पोचले म्हणून. मंग मले काऊन पुसन तो?"

"मग तुम्हीच लावा ना फोन."

"काय म्हणून लावू? काईतरी काम तं पाह्यजे न."

मी नंबर मागून घेतला आणि लावला. पोरगा घाबरलाच. "बँकेतून? पैसे तर गेलेत, मला मेसेज आलाय!"

"पैसे आलेत. तुमचे बाबा समोर बसलेत," एवढं सांगून मी फोन त्यांच्या हातात दिला.

नामदेवरावांनी तो दोन्ही हातांनी कानाला धरला. "काई नाई रे, हे बँकेतली पोरगीच मांगं लागली. मी कायले लावतो तुले फोन?... तू जेवला का?"