आप्पा आणि मंगळाचा दुसरा भाग

सांगलीच्या हळद बाजारात तेव्हा सौदा तोंडाने होत नसे. दोघांचे हात एका रुमालाखाली जात, बोटं दाबली जात, भाव ठरे आणि भोवती उभ्या असलेल्यांना त्यातलं काही कळत नसे. सौदा झाला की हात सुटत. मल्लाप्पा दलालांचा हात मात्र सुटत नसे. समोरच्याची बोटं तशीच आवळून धरून ते विचारत, "दुसरा भाग वाचला का?"

समोरचा व्यापारी कुठून तरी विजापुराकडून आलेला असे. त्याला वाटे, हळदीच्या दुसऱ्या ढिगाबद्दल विचारताहेत.

"न्हाई जी."

"मग पयला?"

"त्योबी न्हाई."

"मग जगताय कशापायी?" असं म्हणून आप्पा हात सोडत.

हा दुसरा भाग होता एका कादंबरीचा. जर्मनीशी लढाई सुरू झाली त्या सुमारास ती पुण्याहून निघाली होती. मंगळावर जाण्याची गोष्ट, तीन भागांत. पहिल्या भागात दख्खनच्या एका माळावर विमान बांधतात आणि उडतात. तिसऱ्या भागात ते मंगळावर उतरणार होतं, पण कागदाची टंचाई आली आणि तिसरा भाग छापखान्यातच अडकून पडला. मधल्या भागात काय होतं? काही नाही. विमान चाललेलं असतं. पहिल्या पानावर चाललेलं असतं आणि शेवटच्या पानावरही चाललेलंच असतं. आतली माणसं बटाटे सोलतात, एकमेकांवर चिडतात, वाट चुकतात आणि खिडकीतून काळोख बघतात.

सांगलीत या भागाबद्दल दुमत नव्हतं. हेडमास्तर म्हणत, लेखकाला पदार्थविज्ञान येत नाही. वकीलसाहेब म्हणत, त्याला काहीच येत नाही. तिथल्या तालमीतल्या एका पैलवानाने अख्खा भाग ओठ हलवत वाचून काढला आणि वाचनालयात येऊन विचारलं, "आन् कुस्ती कुठं हाय?"

दुसऱ्या भागाच्या बाजूने अख्ख्या संस्थानात एकच माणूस उभा होता, तो म्हणजे आप्पा.

मी मूळचा साताऱ्याचा. शाईच्या दौती आणि पाट्या-पेन्सिली घेऊन दुकानोदुकानी फिरायचं, हा माझा धंदा. सांगलीत आलो की आप्पांच्या वखारीच्या माडीवर उतरत असे. आप्पांची बायको वारलेली, मूलबाळ नाही, जेवण खानावळीत. उंच, सडसडीत अंग, डोक्याला तांबडा रुमाल. पांढऱ्या मिशांची टोकं मात्र पिवळी, कारण बोलताना मिशी पिळायची सवय आणि बोटं कायमची हळदीची. वाचनालयातली कुठली पुस्तकं आप्पांनी वाचली आहेत हे कुणाला विचारावं लागत नसे. जी पिवळी झाली ती त्यांची. ग्रंथपाल काकुळतीला येत.

"आप्पा, पुस्तकाला हात लावण्याआधी धूत जा हो!"

"धुतल्यालंच हायती. जल्माचा रंग ह्यो, एका आंघुळीत जातोय व्हय?"

पुस्तकाची पारख ते हळदीसारखीच करत. हळकुंड घ्यायचं, कडकन मोडायचं, आतला रंग बघायचा. कुणी दुसऱ्या भागाला नावं ठेवली की आप्पांचं पहिलं वाक्य ठरलेलं, "वरनं काय बघताय? मोडून बघा!" आणि मग पुढे, "पयल्या भागात निघताना बेंडबाजा. तिसऱ्यात पोचल्यावर हारतुरं. मधी कोण बघतंय त्यांच्याकडं? न घरचं, न मंगळाचं. आवं, मधीच तर माणूस उघडा पडतो. लय झ्याक लिवलंय!"

एकदा साताऱ्यात मी हा किस्सा गंगाक्कांना सांगितला. गंगाक्का म्हणजे आप्पांची थोरली बहीण. आमच्याच बोळात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी त्यांचं घर. यजमानांचं धान्याचं दुकान. बहीणभावांचं बोलणं मात्र बंद होतं. गंगाक्कांच्या मुलीच्या लग्नात आप्पांना दुसऱ्या पंगतीला बसवलं, हे कारण.

"व्याह्यांच्या देखत मला मागं ठेवलं," असं आप्पांचं म्हणणं.

"घरचं माणूस मागनं जेवतं. त्यो घरचा म्हणून मागं ठेवला. पावणा असता तर आधी वाढलं असतं," असं गंगाक्कांचं.

आप्पा त्या दिवशी न जेवता जे सांगलीला परतले ते परतलेच. दुसऱ्या पंगतीचा एवढा राग आणि दुसऱ्या भागाची एवढी माया हे कसं काय, असं मी एकदा हसत विचारलं होतं. त्या दिवशी मला माडीची किल्ली मिळाली नाही.

तर, गंगाक्कांनी किस्सा ऐकला आणि म्हणाल्या, "आना बघू ते पुस्तक."

मी साताऱ्याच्या वाचनालयातून आणून दिलं. दोन्ही भाग त्यांनी वाचले आणि माझी सांगलीची फेरी निघाली तेव्हा दारात येऊन म्हणाल्या, "त्याला सांगा, टाकाऊ हाय."

मी सांगितलं. आप्पा हळद पाखडत होते. सूप हातात तसंच राहिलं.

"कोण म्हनलं?"

"गंगाक्का."

आप्पा बराच वेळ सुपातला केर निवडत राहिले. मग म्हणाले, "तिला म्हनावं, नीट वाच."

झालं. इतक्या वर्षांनी बहीणभाऊ बोलायला लागले, पण माझ्या तोंडून. साताऱ्याहून मी निघालो की एक टोला बरोबर असे आणि सांगलीहून परतताना त्याचं उत्तर. "विमानात चूल कशी पेटली ते इचारा त्याला." "तिला म्हनावं, चूल न्हवं, यंत्र हाय ते, बारीक अक्षरात लिवलंय." "बारीक अक्षरं लिवायची येळ लेखकावर का आली, म्हनावं." दोघेही मला चहा पाजत आणि निरोप सांगताना चुकतो की काय म्हणून माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेत. माझ्या दौती खपोत न खपोत, हा माल मात्र दोन्हीकडे हातोहात जाई.

मग सांगलीच्या वाचनालयाने सभा ठेवली. विषय 'मंगळाच्या दुसऱ्या भागाविषयी वाचकांची मते'. सगळ्यांनी शिव्या द्यायच्या आणि एकट्या आप्पांनी बाजू मांडायची, असा एकूण बेत. मी मुद्दाम त्या दिवशी सांगलीत राहिलो. साताऱ्याचा ताजा निरोप माझ्याकडे होता आणि तो आजवरचा सगळ्यात लांब होता.

कादंबरीत वत्सला नावाची बाई आहे. विमान चालवणाऱ्या डॉक्टरची बहीण. पहिल्या भागात मंगळाच्या वाटेचं सगळं गणित ती करते. गंगाक्कांचं म्हणणं असं, की विमान उडालं आणि लेखक तिला विसरला. दुसऱ्या भागात ती फक्त चहा करते. विमान वाट चुकतं, भाऊ डोकं धरून बसतो, आणि ज्या बाईला गणित येतं ती कपबश्या विसळते. तिला कुणी विचारतसुद्धा नाही.

आप्पांनी ऐकून मांडीवर थाप मारली. "सापडली तावडीत! आता हेच सभंत मोडून दाखवतो."

संध्याकाळी वाचनालय भरलं होतं. वकीलसाहेबांनी सुरुवात केली. "विमान चालते, पण कादंबरी झोपली आहे," असं ते म्हणाले आणि हशा झाला. पैलवानाने कुस्तीचा मुद्दा पुन्हा मांडला. मग आप्पा उठले. धुवट कोट, नवा रुमाल, मिशीला पीळ.

"साताऱ्याच्या एका बाईचं मत हाय," त्यांनी खणखणीत सुरुवात केली. "म्हनत्यात, पयल्या भागात वत्सला गणित करती आन् दुसऱ्यात नुसता चहा. मी म्हनतो, ह्यात चुकलं काय? इमानात मानसं हायती, त्यास्नी चहा लागनारच. भाऊ इमान चालवतोय. मग भनीनं..."

आप्पा थांबले.

"मग भनीनं..."

सगळे वाट बघत होते. आप्पांनी तांब्यातलं पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत. हातात पेला धरून म्हणाले, "तिचं गणित लय चांगलं हुतं."

"कुणाचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

आप्पा खाली बसले. लोकांना वाटलं, भाषण विसरले. पैलवानाने जोरात टाळ्या वाजवल्या, म्हणून मग सगळ्यांनीच वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साताऱ्याच्या मोटारीला आलो, तर आप्पा आधीच पुढच्या बाकावर बसलेले. मांडीवर गाठोडं.

"कुठे निघालात?"

"तुमचा धंदा बंद करायला," ते म्हणाले.

लढाईमुळे पेट्रोल मिळत नव्हतं. मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि गावागावाला धापा टाकत थांबत. आष्ट्याला ड्रायव्हर भट्टीत कोळसा भरायला उतरला आणि आम्ही झाडाखाली उभे राहिलो. एरवी आप्पांनी तेवढ्या वेळात दोनतीन अनोळखी माणसांना दुसरा भाग वाचला का म्हणून विचारलं असतं. त्या दिवशी मिशीलाही हात लावला नाही.

"मास्तर," ते म्हणाले. मी दौती विकत असे, तरी त्यांच्या लेखी मी मास्तरच. "आमच्या घरात शाळंत जायची ती आक्का. मी न्हाई. मला वखारीत उंदरं मारायला आवडायची. शाळंचा मास्तर बाबास्नी म्हनला हुता, ह्या पोरीच्या डोक्याचा पोरगा माझ्या शाळंत न्हाई. मग आई गेली. घरात चूल कोण बघनार? बाबांनी आक्काला घरी बसवली आन् मला शाळंत धाडला. तिच्या जागंवर. पाटीबी तिचीच."

ड्रायव्हरने हाक मारली. आप्पा जागचे हलले नाहीत.

"मला वाटायचं, पाटी मिळाली, झ्याक झालं. तिला काय वाटलं आसंल, ह्ये कवा डोस्क्यातच आलं न्हाई. काल सभंत उभा ऱ्हायलो तवा आलं. समद्या गावाम्होरं."

साताऱ्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी आप्पांना घेऊन थेट गंगाक्कांच्या दारात गेलो. त्या आत चुलीपुढे भाकरी थापत होत्या. आप्पांना उंबऱ्यात बघून त्यांचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू झाले.

"पाय धुतलंस का?"

"व्हय."

"मग बस."

आप्पा बसले नाहीत. सांगलीच्या बाजाराला धाकात ठेवणारा हा माणूस खांबाला धरून उभा राहिला.

"आक्का, दुसऱ्या भागात चुकलं."

"मी सांगतच हुते. लेखकाचं चुकलं."

"लेखकाचं चुकलं. आमचंबी चुकलं." आप्पांचा आवाज बारीक झाला. "तिला चहाला बसवायला नको हुतं."

भाकरीचा थपथप आवाज बंद पडला. गंगाक्कांनी पदराने कपाळ पुसलं, थोडं पीठ तिथे लागलं. त्या चुलीकडे बघत होत्या. जाळ नीट होता, तरी त्यांनी एक लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "बसवली नसती तर काय केलं असतं तिनं?"

"इमान वाट चुकलंय न्हवं? तिनं हिशेब करून माघारी आनलं असतं."

"माघारी कशाला?" गंगाक्का एकदम आप्पांकडे वळल्या. "निघालीयात तर फुडं जाऊ द्या की. मंगळाला किती ऱ्हायलंय, लिवलंय का पुस्तकात?"

"लिवलंय."

"आन् रोजची चाल?"

"तीबी लिवलीया."

"मग बस हितं."

आप्पा मांडी घालून खाली बसले. गंगाक्कांनी परातीतलं पीठ तळहाताने सारखं केलं आणि आप्पा तोंडपाठ आकडे सांगू लागले तसे त्या बोटाने पिठात लिहीत गेल्या. आकडे ठसठशीत होते. एक ओळ झाली, तिच्याखाली दुसरी. भावाचं डोकं हळूहळू परातीवर वाकलं.

"हातचा किती?"

"दोन."

"दोन? पुन्यांदा बघ."

आप्पांनी बोटं मोजली. "तीन."

"हां."

तव्यावरची भाकरी करपायला लागली होती. दोघांपैकी कुणालाच तिचा पत्ता नव्हता. शेवटी मीच चपला काढून आत गेलो, फडक्याने धरून तवा खाली उतरवला. गंगाक्कांनी मान वर केली नाही. बोट पिठात तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "मल्ल्या, सरळ बस. माझ्या उजेडात येऊ नगंस."