सोनसरला पोचायचं वय

सोनसरला माणूस पोचतो तो, तिथे जावंसं त्याला पहिल्यांदा वाटलं होतं त्या वयाचा होऊन. वाळवंटातल्या रस्त्याचा तो नियमच आहे आणि चौकीवर पाटीवर रंगवलेलाही आहे. परतताना वय जसंच्या तसं मिळतं. मात्र ज्याचं वय बदललं, त्याला मुक्कामातलं काही आठवत नाही.

मी निर्धास्त होतो. खिडकीतल्या कारकुनाला म्हटलं, "आम्हा नवराबायकोची तारीख एकच. एकोणऐंशीची दिवाळी झाल्यावर, सांगलीत, मी हिला बघायला गेलो होतो तेव्हाची."

पोहे खाऊन झाल्यावर शालनच्या वडिलांनी रीतीप्रमाणे तिला म्हटलं होतं, तुला काही विचारायचंय का. मुली बहुतेक मान हलवायच्या. हिने विचारलं, "सोनसरला न्याल का?" मी हो म्हणालो होतो.

कारकुनाने रजिस्टर चाळलं. "बाईंची बरोबर आहे. वय एकवीस. तुमची गेल्या महिन्यातली आहे."

"अहो, मी तेव्हाच हो म्हटलं होतं."

"ते तोंडदेखलं होतं. ते धरत नाहीत."

खोटं कशाला बोलू, त्याचं बरोबर होतं. पाटबंधारे खात्यात मी पस्तीस वर्षं रजा साठवली आणि त्याचा मला अभिमान होता. गेल्या महिन्यात शालन जिन्यात अर्ध्यावरच खाली बसली, तेव्हा कुठे मला सोनसरला जावंसं वाटलं.

"परत फिरू या का?" मी विचारलं.

शालन थर्मासचं झाकण घट्ट करत होती. "आता एवढं आलोय तर जाऊ या. तुम्ही बघून ठेवा, नंतर मला सांगा."

दोन्ही बाजूंना नुसती वाळू, मधूनच खेजडीचं झाड, एखादा उंट. गाडी मी चालवत होतो. पहिल्या टेकाडापाशी तिने गुडघ्याचा पट्टा सोडून ठेवला. जेवायला थांबलो तोवर केस काळे झाले होते. माझ्यापुढे दशमी ठेवत तिने विचारलं, "मृणालचा दहावीचा निकाल कधी आहे हो?" आमच्या मृणालचा मुलगा आता कॉलेजात आहे. मी म्हटलं, "जूनमध्ये."

तीनच्या सुमाराला ती एकदम घाबरली. बाळाला कुणापाशी ठेवलं म्हणाली. आईपाशी, असं सांगितल्यावर शांत झाली, आणि त्यानंतर मृणालचं नाव तिने घेतलंच नाही. मी वेग कमी केला. फार वाईट वाटत होतं. मागचे लोक हॉर्न वाजवत होते.

शहराच्या कमानीआधी तिने गाडी थांबवायला सांगितली आणि मागच्या सीटवर जाऊन बसली. परक्या माणसाच्या शेजारी ती बसणार नाही, एवढं मी तिला ओळखतो.

सोनसर छान आहे. तळ्याकाठी हॉटेलं आहेत, पाण्यात रंगीत होड्या आहेत. ती उतरली, पदर सारखा केला आणि खिडकीशी आली.

"काका, तुम्ही आणलंत म्हणून बघायला मिळालं. एकटेच आलात? काकूंना आणायचं होतंत."

"ती निघाली होती माझ्याबरोबर."

"मग?"

"मला उशीर झाला," मी म्हणालो.

तिला वाईट वाटलं असावं. क्षणभर तिथेच उभी राहिली. मग होड्यांसाठी रांग लागली होती, तिकडे गेली.